आपला पहिला कवी कोण?



मागच्या महिन्यात वस्तीतल्या बुद्धविहारात अभ्यासवर्ग होता. विषय 'कविता आणि चळवळ'. बोलायला मला उभं केलं. मी सूतगिरणीतला माणूस, रात्रपाळी करून तसाच आलेलो, डोळे चुरचुरत होते. काय बोलायचं ते धड ठरलं नव्हतं. म्हणून पोरांनाच प्रश्न टाकला : आपला पहिला कवी कोण?

एक म्हणाला, नामदेव ढसाळ. दुसरा म्हणाला, त्याच्या आधी वामनदादा. तिसऱ्यानं अण्णा भाऊंचं नाव घेतलं. मागं बसलेली एक पोरगी हळूच म्हणाली, "चोखामेळा." तर अर्धा वर्ग हसला. एकजण म्हणाला, "तो कसला आपला? विठोबाच्या पायरीवर नाक घासत गेला तो." पोरगी खाली मान घालून गप्प.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "आन् मग आमच्या जात्यावरच्या व्हव्या? त्या कुनी लिवल्या म्हनायच्या?"

याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. मी कशीबशी वेळ मारून नेली. पण त्या पोरीची खाली गेलेली मान आणि आजीचा सवाल डोक्यातून जाईना. साच्यावर उभा असलो तरी तेच. म्हणून हा लेख. मी कॉलेजात शिकलेला नाही. जे वाचलं, जुन्या माणसांकडून ऐकलं, त्यावर लिहितोय.

पहिली गोष्ट अशी, की शाळेच्या पुस्तकात कवितेची ओळख करून देतात तेव्हा श्लोक, आर्या, सुनीत अशी नावं येतात. वामनपंडिताचा श्लोक, मोरोपंतांची आर्या, केशवसुतांचं सुनीत. वाईट काही नाही, माहीत असावं. पण भुजंगप्रयात किंवा शार्दूलविक्रीडित लिहायचं तर लघु-गुरूचे गण पाडावे लागतात, आर्येला मात्रा मोजाव्या लागतात. त्याला शास्त्र शिकावं लागतं, आणि शास्त्र शिकवणाऱ्या पाठशाळेत आपल्या माणसाला उंबरा चढू देत नव्हते. मग आपल्या वाट्याला काय आलं? जे कानानं शिकता येतं ते. ओवी, अभंग, पोवाडा, लावणी. ओवी-अभंगात लघु-गुरूचं झेंगट नाही. अक्षर लांब असो की आखूड, एकच धरायचं, बाकीचं गळा सांभाळतो. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही रचता येईल असे हे छंद आहेत. म्हणून बहिष्कृतांच्या कवितेचा इतिहास तिथून सुरू होतो.

दुसरी गोष्ट, मला बरेच दिवस विचार करून सुचलेली. आपल्या माणसांनी छंद बदलले ते फॅशन म्हणून नाही. ऐकणारा बदलला तसा छंद बदलला. हे नीट बघितलं तर चोख्यापासून ढसाळांपर्यंतची वाट दिसते आणि कुणाला हसायचं कारण उरत नाही.

१. अभंग : ऐकणारा देव

अभंगाचे दोन प्रकार. मोठा आणि लहान. मोठ्या अभंगाच्या एका चौकात चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळवायचं. नमुना म्हणून मीच चार तुकडे जोडलेत :

गिरणीचा भोंगा । वाजे पहाटेला । कोण जागा झाला । सांगा आता ॥

बोटावर मोजा. सहा, सहा, सहा, चार. शेवटचा चरण आखूड, म्हणून तिथं आवाज थांबतो आणि टाळ बोलतो. लहान अभंगात दोनच चरण, बहुधा आठ-आठ अक्षरांचे, शेवटी यमक :

हात काळे झाले तरी । नाव लिहू भिंतीवरी ॥

बस, एवढंच शास्त्र. तुकोबांनी हजारो अभंग रचले ते ह्याच मापात.

आता चोखोबा. मंगळवेढ्याचा महार, चौदाव्या शतकातला. त्याची बायको सोयरा, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. हे सगळं घरच कवींचं. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी महारवाड्यातल्या एका घरात पाच माणसं कविता करतात, त्यात दोन बाया. ही गोष्ट आपल्याला शाळेत कुणी अशी सांगितली का? चोख्याचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणानं लिहून ठेवले असं परंपरा सांगते. म्हणजे बोलणारा आपला, लिहिणारा हात दुसऱ्याचा. हे लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

चोखोबा मेला कसा? मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं. वेठीला धरलेली माणसं होती. कूस कोसळलं आणि तो त्याखाली गाडला गेला. साल १३३८ सांगतात. ज्या कुसाच्या आत त्याला राहता येत नव्हतं ते कूस बांधताना मेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपुरात आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. दाराच्या समोर, आत नाही. साने गुरुजींनी उपोषण केलं आणि १९४७ च्या मे महिन्यात ते दार अस्पृश्यांना उघडलं. हिशेब करा, ६०९ वर्षं.

त्यानं दाद मागितली ती विठोबाकडं. कारण ऐकून घेणारं दुसरं कोण होतं? पाटील? बादशहा? देव तेवढा ऐकतो अशी समजूत होती. पण त्या विनवणीतसुद्धा काटे आहेत. सोयराबाईचे अभंग काढून वाचा. स्वतःला ती 'चोख्याची महारी' म्हणवून घेते आणि विटाळाचा असा छडा लावते की शास्त्रीबुवांनी तोंड लपवावं. विटाळ नाही असा देह आणा, विटाळाशिवाय जन्माला आलेला माणूस दाखवा, असा तिचा सवाल आहे. कर्ममेळा तर देवालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. हीन जातीत घातलंस, उष्टं खायला लावलंस, तुला लाज कशी नाही वाटत, असा त्याचा रोख. बापानं विनवलं, पोरानं जाब विचारला. एकाच घरात दोन पिढ्या.

बाबासाहेबांनी याचं काय केलं? दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. गांधीजींना दिलेल्या उत्तरात त्यांनी साफ लिहिलं की संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला चढवला नाही. देवापुढं सगळे सारखे असं ते म्हणाले, पण माणूस माणसासारखा आहे असं म्हणणं वेगळं. हे आपण पाठ केलंय. दुसरी गोष्ट आपण विसरतो. १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावर त्यांनी ग्रंथ लिहिला तो तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. नंदनार, रविदास आणि चोखामेळा. आणि अजून मागं जा. १९२० च्या 'मूकनायक'च्या माथ्यावर तुकोबांचा अभंग होता, १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. म्हणजे भक्तीचा रस्ता नाकारला तरी शब्द त्यांनी टाकून दिले नाहीत. जुनं शस्त्र कुणाच्या हातात होतं हे बघून ते आपल्या हातात घेतलं.

विदर्भात किसन फागुजी बनसोडे यांनी हेच केलं. १८७९ चा जन्म. कवी, पत्रकार. नागपुरात मुलींची शाळा काढली तिला नाव दिलं चोखामेळ्याचं. चोखोबाचं नाव घेऊन त्यांनी पोरी शिकवल्या. तेव्हा त्या दिवशी मान खाली घातलेल्या पोरीनं ती वर करावी. तिचं उत्तर चुकीचं नव्हतं.

२. ओवी : ऐकणारं जातं

ओवीचेही दोन प्रकार. एक ग्रंथातली. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा. १२९० ची ज्ञानेश्वरी त्यात आहे. दुसरी जात्यावरची, बहुधा दोन ओळींची, दळणाच्या फेऱ्याबरोबर चालणारी. पहाटे तीन-चारला उठून दोन बाया समोरासमोर बसणार, खुंट्याला हात, एक म्हणणार, दुसरी उचलणार. ऐकायला कोण? जातं आणि समोरची बाई. नवरा झोपलेला, सासू झोपलेली. म्हणून दिवसा जे तोंडातून निघत नाही ते ओवीत निघतं. सासरचा जाच, माहेरची ओढ, भाऊ, पाऊस, उपास.

आता आजीचा सवाल. ह्या ओव्या कुणी लिहिल्या? कुणीच लिहिल्या नाहीत, सगळ्यांनी रचल्या. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बाया आहेत. त्यांनी काय केलं बघा. पहिली ओवी देवाला वाहायची जुनी रीत. ती जागा त्यांनी काढली आणि तिथं भीमराव बसवले, बुद्ध बसवले. ओवीतला भाऊ होता त्याच्या जागी बाबासाहेब आले. रमाई जवळची बाई झाली, जिच्याशी सुखदुःख बोलावं अशी. सभा, पुस्तक, कोट, लेखणी, सगळं जात्यावर आलं.

धर्मांतर १९५६ साली दीक्षाभूमीवर झालं हे आपण पुस्तकात वाचतो. पण घराघरात ते कसं झालं? पहाटेच्या अंधारात, पीठ पडता पडता, अक्षर न शिकलेल्या बाईनं आपल्या ओवीतला देव बदलला. हे सुद्धा धर्मांतरच. पुढं पिठाची गिरणी आली, जातं भिंतीला उभं राहिलं आणि ओव्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात अडकून पडल्या. म्हातारी गेली की तिच्याबरोबर जातात.

३. पोवाडा आणि लावणी : ऐकणारा फड

पोवाडा म्हणजे पराक्रमाची हकीकत. डफावर थाप, तुणतुणं, झांज, मुख्य शाहीर आणि मागं सूर ओढणारे झीलकरी. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा शिवकाळातला, १६५९ च्या प्रसंगावरचा. पेशवाईत लावणी फोफावली. रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. रचणाऱ्यांमध्ये जाती मिसळल्या आणि त्यांची नावं टिकली. पण हलगी-ढोलकी वाजवणारे महार-मांग, नाचणाऱ्या महार-कोल्हाटी बाया, त्यांची नावं कुठं आहेत? फड त्यांच्यावर उभा होता.

पोवाड्याची दिशा फिरवली ती जोतीरावांनी. १८६९ साली त्यांनी शिवाजीराजांवर पोवाडा रचला तो कुळवाडी रयतेचा राजा म्हणून. त्याच डफावर पुढं अण्णा भाऊ आले. १९२० चा जन्म, वाटेगाव, मांगवाड्यातलं घर. शाळा दीड दिवसाची. गाव सोडून घरचे लोक चालत मुंबईला आले. गिरणीत काम केलं, पाट्या वाचून अक्षर शिकले. त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला १९४३ साली. वाटेगावचा माणूस रशियातल्या शहरावर पोवाडा रचतो, कारण तिथं लढणारा कामगार त्याला आपला वाटला. १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. लावणीसुद्धा त्यांनी सोडली नाही. 'मुंबईची लावणी' रचली, पण तिच्यात नाचणारी बाई नाही, दोन तोंडांची मुंबई आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना' ही छक्कड गाजली. गावाकडं राहिलेल्या बायकोचा विरह आणि तुटलेल्या महाराष्ट्राचं दुःख त्यांनी एकाच चालीत बसवलं.

आता एक अवघड गोष्ट. पठ्ठे बापूराव, मूळचे कुलकर्णी, १८६६ ते १९४५, लावणीचे मोठे कवी. पवळा ही महार समाजातली गाजलेली नाचणारीण त्यांच्या फडात होती. महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत, १९२७ च्या सुमारास, बापूरावांनी तमाशाच्या कमाईतली रक्कम देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, ही हकीकत चळवळीत सांगितली जाते. आपल्या बाया नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. मला हे पटतं. ज्या समाजाच्या बाईकडं गाव नाचणारीण म्हणूनच बघत होतं, त्याच्या पुढाऱ्यानं हेच करायला हवं होतं. पण पवळाला काय वाटलं असेल हे कुणी विचारलं नाही, आणि तिनं लिहून ठेवलेलं काही माझ्या वाचनात नाही. हा सल आपण मनात ठेवावा, दडपू नये.

४. जलसा : ऐकणारी वस्ती

सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला. त्याच्या विचारातून सत्यशोधकी जलसे आले, आणि त्या वाटेनं १९३० नंतर आंबेडकरी जलसे. नाशिकचा काळाराम सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. त्या तापलेल्या नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. त्यांनी १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिलं. वाचनालयात मिळालं तर सोडू नका.

जलशाचा साचा तमाशाचा. तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी, लावणी, शेवटी वग. जलसेकारांनी हा साचा मोडला नाही, आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी भीमरायाला वंदन. कृष्ण-गौळणीची छेडछाड काढली, तिथं सवाल-जवाब घातला. मेलेलं ढोर का ओढायचं, महारकी का सोडायची, पोरगी शाळेत का घालायची. वगात भट, सावकार आणि आपला शहाणा झालेला पोरगा. गॅसबत्तीच्या उजेडात पुढ्यात शेकडो माणसं बसलेली, त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. 'बहिष्कृत भारत' त्यांच्या हातात दिला तरी काय करणार? जलसा हाच त्यांचा पेपर. बाबासाहेब म्हणाले होते म्हणतात, की माझ्या दहा सभा आणि कर्डक मंडळींचा एक जलसा, तोल सारखा. सभेत माणूस ऐकून घेतो. जलशातलं गाणं तो घरी घेऊन जातो, शेतात म्हणतो.

चोखोबा देवाशी बोलत होता. जलसेकार माणसांशी बोलायला लागला. ही मोठी उलथापालथ आहे आणि ती मुक्तछंदाच्या चाळीस वर्षं आधी झाली. फक्त एक खोट राहिली. तमाशाचा डाग नको म्हणून जलशात बाई उभी राहिली नाही. बाईचं काम पुरुषानं केलं. इज्जत मिळाली, पण जिच्या गळ्यात आणि पायात ही कला होती तीच रंगमंचाखाली गेली.

५. भीमगीत : ऐकणारे सगळे

दोन कर्डकांची गल्लत करू नका. भीमराव कर्डक जलशाचे. वामनदादा कर्डक गाण्यांचे. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२, निधन १५ मे २००४. मुंबईत येऊन गिरणीत आणि मिळेल तिथं कामं केली. एका माणसानं चिठ्ठी वाचून दे म्हणून हातात ठेवली आणि वाचता येईना. त्या शरमेनं ते बाराखडी शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत सुटले. १९४३ मध्ये पहिलं गाणं रचलं ते एका सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. इथं जरा थांबा. चोख्याला लिहायला अनंतभट्ट लागला. वामनदादांनी अक्षर स्वतः कमावलं. गळा आपला आणि हातही आपला. 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह १९७३ चा.

भीमगीताची ताकद अशी की ते कुठलीही चाल घेतं. सिनेमाची, भजनाची, लोकगीताची, कव्वालीची. श्रावण यशवंते यांच्यासारख्यांनी कव्वालीचा सामना भीमजयंतीच्या मांडवात आणला. विठ्ठल उमप २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. आज कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात. जलशातून हटवलेली बाई भीमगीतातून परत आली.

आपल्यातले काही शिकलेले म्हणतात, भीमगीत म्हणजे भाबडं. त्यांना एक नाव सांगतो. विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्यानंतर चारच दिवसांत या शाहिरानं गळफास घेतला. जन्मभर गाऊन ज्यांना उठवलं त्यांचीच प्रेतं बघावी लागली, आणि पुढं गाणं निघेना. त्याच्या मरणाचं कौतुक करू नका, मेलेला शाहीर वस्तीच्या कामाचा नाही. पण गाणारा भाबडा असतो असंही पुन्हा म्हणू नका.

६. मुक्तछंद : ऐकणारा प्रस्थापित

मग छंद मोडायची गरज का पडली? कारण १९४६ चं सिद्धार्थ आणि १९५० चं मिलिंद, बाबासाहेबांच्या या दोन कॉलेजांतून पोरं शिकून बाहेर पडली. त्यांना आता वस्तीशीच नाही, तर ज्यांनी वस्ती बाहेर ठेवली त्यांच्याशी बोलायचं होतं. सरकारशी, शहराशी, मराठीच्या मास्तरांशी. आणि गाण्याची एक गोची आहे. चाल गोड असली की शिवीसुद्धा गोड लागते. समोरचा मान डोलावतो आणि घरी जातो. त्याची मान डोलू नये म्हणून चाल तोडली.

मुक्तछंद आपण शोधला नाही. मराठीत तो कवी अनिलांनी आणला. नारायण सुर्वे, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले, १९६२ च्या 'ऐसा गा मी ब्रह्म'मधून कामगाराचं बोलणं कवितेत घेऊन आले. पण त्याचा सुरुंग केला तो आपल्या लोकांनी. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, उद्घाटन अण्णा भाऊंचं. साठनंतर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' तेव्हाच्या औरंगाबादेतून निघालं, आणि कुणी छापत नाही म्हणून सायक्लोस्टाईल अंकांची रांग लागली. १९७२ ला दलित पँथर आणि त्याच साली ढसाळांचा 'गोलपिठा'. तेंडुलकरांची प्रस्तावना होती. कामाठीपुऱ्याची ती भाषा वाचून पांढरपेशा वाचक चक्रावला, कितीतरी शब्द त्याच्या कोशातच नव्हते. मग निंबाळकरांच्या 'गावकुसाबाहेरील कविता' १९७३, दया पवारांचा 'कोंडवाडा' १९७४, सपकाळेंचा 'सुरुंग' १९७६, यशवंत मनोहरांचा 'उत्थानगुंफा' आणि अर्जुन डांगळेंचा 'छावणी हलते आहे' १९७७. नावंच बघा, गावकूस, कोंडवाडा, सुरुंग. चोखोबा ज्या कुसाखाली गाडला गेला त्याला साडेसहाशे वर्षांनी सुरुंग लावला. ज्योती लांजेवार, हिरा बनसोडे यांनी ऐंशीच्या दशकात बाईचा जाब मांडला. त्यात आपल्या घरातल्या पुरुषाचाही हिशेब आहे, म्हणून तो वाचताना आपण जरा खाकरतो.

पण मुक्तछंद म्हणजे मोकाट छंद नाही. ओळ तोडून खाली लिहिली की कविता होत नाही. त्याला बोलण्याची लय लागते, श्वास कुठं घ्यायचा ते कळावं लागतं. आपल्या अंकाकडं येणाऱ्या कवितांमध्ये निम्म्या अशा असतात की मधल्या रेघा काढल्या तर पत्रक होईल. मर्ढेकरांनी यंत्रयुगातली मुंबई ओवी-अभंगात बसवून दाखवली. जुना छंद नवं बोलू शकतो, आणि नवा छंद शिळं बोलू शकतो. आधी बोटावर अक्षरं मोजायला शिका. मग तोडा. काय तोडतोय ते तरी कळेल.

७. मग उत्तर काय?

माझं उत्तर असं. नाव ठाऊक असलेल्या आपल्या पहिल्या कवींत चोखामेळा आणि सोयराबाई. नाव ठाऊक नसलेल्या पहिल्या कवी त्या आजीच्या आजीच्या आजी. चोखोबानं दाद मागितली, कर्ममेळ्यानं जाब विचारला, बायांनी जात्यावर देव बदलला, जलसेकारांनी वस्ती उठवली, वामनदादांनी अक्षर कमावलं, ढसाळांनी सभ्य भाषेचं दार तोडलं. यातलं एक काढलं तर पुढचं उभं राहत नाही. आणि आपल्याला सगळेच छंद लागणार आहेत. मोर्च्यात पोवाडा, मांडवात भीमगीत, कोर्टकचेरीच्या आणि विद्यापीठाच्या तोंडावर मुक्तछंद. कविता लिहायला बसताना एवढं ठरवा की ऐकणारा कोण आहे.

आता काम. आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. जयंतीला डीजेसमोर नाचताना त्यावर व्हिडिओ काढतो. त्याच फोनवर येत्या दोन महिन्यांत प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या किमान एका म्हाताऱ्या माणसाचं गाणं उतरवून घ्यायचं. जात्यावरची ओवी, जलशातला सवाल-जवाब, आठवेल ते. गाणं उतरवलं की वहीत लिहायचं. आणि नुसतं गाणं नाही. गाणाऱ्याचं नाव, गाव, चाल कुणाकडून शिकली, कधी म्हणत होते, हे सगळं. नाव सगळ्यात आधी. डीजेवर वाजणाऱ्या निम्म्या गाण्यांच्या कवींची नावं नाचणाऱ्यांना माहीत नाहीत, हे आपणच आपल्यावर ओढवलेलं आहे. इतिहासात आपली नावं दुसऱ्यांनी गाळली म्हणून ओरडतो, तर निदान आपल्या हातून तरी गळू नयेत.

मी सुरुवात केली आहे. गेल्या सुट्टीच्या दिवशी त्या आजीकडं गेलो. आधी म्हणाली, "मला कुटं येतंय रे काय." चहा झाला. मग म्हणाली, जात्याशिवाय आठवत नाही. घरात जातं नव्हतं. शेवटी तिनं हाताची मूठ केली आणि मांडीवर गोल फिरवायला लागली. फिरवता फिरवता एकोणीस ओव्या निघाल्या. माझ्या मदतीला ती चोखामेळावाली पोरगी होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, तिनंच लिहून घेतल्या.

पुढच्या अंकात त्या छापू. आजीला विचारून, वर तिचं नाव घालून, आणि कवयित्री म्हणून.